बीट लाल असतं, म्हणून काय झालं?

आमच्या घरच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला: "हिमोग्लोबिन कमी? रोज उपाशीपोटी बीट-डाळिंबाचा रस घ्या, 15 दिवसांत रक्त दुप्पट. रक्त कमी म्हणजे लोहच कमी, तपासण्यांवर पैसे घालवू नका. गोळ्यांनी पोट बिघडतं, त्या नकोतच." खाली आत्याचे जोडलेले हात. म्हटलं, आता बोलायलाच हवं.

आधी बीट. 100 ग्रॅम बीटात लोह साधारण एक मिलिग्रॅमच्या आत, डाळिंबात त्याहून कमी. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2020च्या शिफारशीप्रमाणे बाईला रोज 29 मिलिग्रॅम लागतं. बीटाचा लाल रंग बीटालेन या रंगद्रव्याचा, लोहाचा नव्हे. कोशिंबीर खुशाल खा, पण औषध म्हणून नको. पोह्यांवर लिंबू पिळतो ते बरोबर, त्याने लोह अंगी लागतं. त्यावर लगेच चहा घेतो, तिथे घोळ होतो.

"15 दिवसांत दुप्पट" तर गोळ्यांनीही होत नाही. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅम वाढलं तरी पुष्कळ. आकडा नीट आल्यावरही शरीरातला साठा भरायला आणखी तीनेक महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.

"रक्त कमी म्हणजे लोहच कमी" हे मात्र खरं घातक वाक्य. माझ्या चुलत बहिणीचं हिमोग्लोबिन 10.4. वर्षभर लोहाच्या गोळ्या घेतल्या, आकडा तसूभर हलला नाही. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीच्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं: एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) 64, म्हणजे पेशी फार लहान, पण लाल पेशींची संख्या 5.6, म्हणजे भरपूर. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात आणि संख्याही सहसा घटते. पुढे फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, नॉर्मल आलं आणि इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार तपासणाऱ्या चाचणीत, थॅलेसेमिया मायनर निघाला; म्हणजे ती या आनुवंशिक रक्तदोषाची वाहक. तिला स्वतःला त्याचा फारसा त्रास नाही. पण नवराही वाहक असता तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याचं गंभीर रूप, होण्याची शक्यता 25 टक्के. रस पिऊन हे कसं कळणार होतं?

बी12 जीवनसत्त्व कमी असेल तर उलट पेशी मोठ्या होतात. शाकाहारी घरांत हे सर्रास आढळतं. लोह आणि बी12 दोन्ही कमी असले की सरासरी एमसीव्ही नॉर्मल दिसून फसगत होते. गडचिरोली-नंदुरबारकडच्या सिकलसेल या आनुवंशिक आजारामध्ये पेशीच लवकर फुटतात.

गोळ्यांनी मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, शौच काळी होते, हे खरं. पण म्हणून गोळी सोडायची नसते. डॉक्टरांना सांगितलं तर ते गोळी बदलतात, कधी एक दिवसाआड देतात. दूध, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र ती घेऊ नका.

लोह गेलं कुठे, हे मेसेज विचारतच नाही. जास्तीची पाळी, जंत, मूळव्याध, जठरातला अल्सर. साठीतल्या पुरुषाचं लोह घटलं तर आतड्यातून रक्त जातंय का, हे पाहावंच लागतं. कधी तिथे कर्करोगही निघतो. आणि रोज बीट पिणाऱ्याची शौचही लाल होते. खरंच रक्त पडत असलं, तरी ते बीटाच्या नावावर खपून जातं.