नाव बदलून फाइल बदलत नाही

लग्नसराई संपत आली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हटकून वर येतो. फोटोग्राफरने पेनड्राइव्हवर दिलेला लग्नाचा फोर-के व्हिडिओ टीव्हीवर अडकत असेल किंवा मुका चालत असेल, तर पाच उपाय करा म्हणे. एमकेव्ही फाइलचं नाव बदलून एमपी४ करा. आवाज नसेल तर टीव्हीचे स्पीकर गेले, साउंडबार घ्या. फोर-केसाठी सोनेरी टोकांची महाग एचडीएमआय केबल आणा. अडकत असेल तर नेटचा प्लॅन वाढवा. पेनड्राइव्ह फॅट३२मध्येच फॉरमॅट करा. खाली ठसठशीत अक्षरांत: ‘दुकानदार हे सांगणार नाहीत.’ न सांगायला काय झालं? पाचातले दोन उपाय म्हणजे थेट तपकीर गल्लीची, म्हणजे इथल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची चक्कर आहे.

नावापासून सुरू करू. एमकेव्ही आणि एमपी४ हे नुसते डबे आहेत. चित्र एका कोडेकमध्ये (म्हणजे डेटा दाबून बांधायच्या पद्धतीत) आणि आवाज दुसऱ्या कोडेकमध्ये बांधून त्या डब्यात ठेवलेला असतो. फाइलचं नाव बदललं की डबासुद्धा बदलत नाही, वरची चिठ्ठी तेवढी बदलते. टीव्हीतल्या चिपला आतला कोडेक उलगडता येत नसेल, तर चिठ्ठी वाचून तो येणार नाही.

आत काय आहे ते ‘मीडियाइन्फो’ या फुकट प्रोग्रॅममध्ये दिसतं. फाइल उघडा, ‘ट्री’ दृश्य निवडा आणि व्हिडिओच्या भागात चार नोंदी बघा: फॉरमॅट (म्हणजे कोडेक), बिट डेप्थ (रंगांच्या छटा किती बारीक), क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती गाळली, ४:२:० मध्ये ४:२:२ पेक्षा जास्त), बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा). लग्नाच्या फाइलींचं दुखणं बहुधा मधल्या दोन नोंदींत असतं. आजचे मिररलेस कॅमेरे १० बिट, ४:२:२ असं चित्रण करू शकतात, कारण नंतर रंग दुरुस्त करायला ते सोयीचं असतं. टीव्हीची चिप मात्र ४:२:० साठी बनवलेली असते. एचईव्हीसी या नव्या कोडेकमधली १० बिट, ४:२:० फाइल बहुतेक फोर-के टीव्ही निमूट चालवतात. तीच ४:२:२ झाली किंवा जुन्या एच२६४ कोडेकमध्ये १० बिट आली, की पडदा काळा पडतो, चौकोन उमटतात, नाहीतर ‘फॉरमॅट चालत नाही’ अशी पाटी येते. ‘लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये तर छान चालतं!’ हो, कारण तिथे मुख्य प्रोसेसर ते काम ताकदीने ओढून नेतो. टीव्हीच्या प्रोसेसरमध्ये तेवढा दम नसतो.

यावर खरा उपाय म्हणजे फाइल नव्याने बांधणं. फोटोग्राफरकडूनच करून घ्या, पण नेमकं सांगा: फुल एचडी हवं असेल तर एच२६४, हाय प्रोफाइल, ८ बिट, ४:२:०, २५ फ्रेम, साधारण २० एमबीपीएस, फोर-के हवं असेल तर एचईव्हीसी, ४:२:०, ५० एमबीपीएसच्या आत. घरी करायचं तर ‘हँडब्रेक’ या फुकट प्रोग्रॅममध्ये आरएफ, म्हणजे चित्राच्या दर्जाचा आकडा फुल एचडीला २० आणि फोर-केला २२ ठेवा, फ्रेम रेट ‘मूळ फाइलप्रमाणे’ असू द्या. फोर-केला जुन्या लॅपटॉपवर रात्रभर लागू शकतं, हे धरून चला. फुल एचडी चित्रणाचं फोर-के मात्र करू नका. फाइल फुगते, बारकावे तेवढेच राहतात.

आता आवाज. स्पीकर गेले का, हे तपासायला दुसरं काहीही लावा. बातम्या ऐकू येत असतील तर स्पीकर शाबूत आहेत. चित्र नीट आणि आवाज गायब, असं झालं की पहिला संशय डीटीएस या ऑडिओ कोडेकवर घ्यावा. ब्लू-रेवरून केलेल्या फाइलींत हा ऑडिओ सर्रास असतो. सॅमसंगने २०१८च्या मॉडेलांपासून टीव्हीतला डीटीएस काढला. एलजीने २०२०मध्ये काढला आणि २०२३च्या काही मॉडेलांत परत आणला. म्हणजे शेजाऱ्यांच्या जुन्या टीव्हीवर बोलणारी फाइल तुमच्या नव्या टीव्हीवर मुकी होऊ शकते. काही टीव्ही डीटीएस न उलगडता जसाच्या तसा साउंडबारकडे पाठवतात, पण ज्या टीव्हीने तो ट्रॅकच नाकारला तो साउंडबारकडे काय पाठवणार?

इथे चित्राला हात लावायची गरज नाही. कमांड लिहून चालवायच्या ‘एफएफएमपेग’ या फुकट प्रोग्रॅममध्ये व्हिडिओ ‘कॉपी’ ठेवा आणि ऑडिओ तेवढा एसी३ कोडेकमध्ये, ६४० केबीपीएसला बदला. दोनच चॅनेल असतील तर एएसी, १९२ पुरे. दोन तासांचा सिनेमा काही मिनिटांत होतो. कमांड लिहायचा कंटाळा असेल तर विंडोजवर ‘एक्समीडिया रीकोड’मध्येही हेच करता येतं. हँडब्रेक या कामाला घेऊ नका, तो चित्रही नव्याने बांधायला बसतो.

एचडीएमआय केबलचं उत्तर छोटं आहे. पेनड्राइव्ह टीव्हीच्या पाठीत खोचलेला असेल तर त्या वाटेत एचडीएमआय केबल येतच नाही. लॅपटॉप किंवा बॉक्स जोडला असेल, तर २४ ते ३० फ्रेमच्या ८ बिट फोर-केला सुमारे ९ जीबीपीएस लागतात आणि साधी ‘हाय स्पीड’ केबल ते नेते. ६० फ्रेमसाठी १८ जीबीपीएसची ‘प्रीमियम हाय स्पीड’ घ्या. केबल कमी पडली की पडद्यावर ठिपके चमकतात किंवा चित्र क्षणभर जातं. रंग फिके पडत नाहीत, व्हिडिओ रेंगाळत नाही. सोन्याचा मुलामा टोकं गंजू नयेत म्हणून असतो.

नेटच्या प्लॅनचंही तसंच. फाइल घरात, टीव्ही घरात. प्लॅनचा संबंध घराबाहेरच्या वाहतुकीशी. कॉम्प्युटरवरची फाइल वाय-फायने टीव्हीवर बघताना अडकत असेल, तर टीव्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहे का ते बघा. दाटीच्या इमारतीत शेजारच्या दहा राउटरांची गर्दी तिथेच असते. ५ गिगाहर्ट्झवर या. कॉम्प्युटर मात्र वायरनेच राउटरला जोडा. दोन्ही वाय-फायवर असले की तीच फाइल हवेतून दोनदा जाते. एक गंमत अशी, की बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं. लग्नाच्या व्हिडिओला ते भरपूर होतं, पण फोर-के ब्लू-रेच्या फाइलचा बिटरेट मधेच १००च्या वर उसळतो. तिथे चांगलं वाय-फाय वायरला हरवतं.

फॅट३२चा सल्ला एके काळी बरोबर होता. पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या या जुन्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, पेनड्राइव्ह १२८ जीबीचा असला तरी. ५० एमबीपीएसचा व्हिडिओ ही मर्यादा ११ मिनिटांत गाठतो. मंगलाष्टकंही पुरी व्हायची नाहीत. टीव्हीच्या माहितीपत्रकात बघून एक्सफॅट किंवा एनटीएफएस या नव्या पद्धतींतली एक निवडा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी प्रत काढा. पेनड्राइव्हऐवजी हार्ड डिस्क असेल आणि ती टकटक करत सारखी गायब होत असेल, तर फॉरमॅटला दोष देऊ नका. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज देतं. डिस्क फिरायला लागताना जास्त मागते. वेगळ्या ॲडॉप्टरवर चालणारा यूएसबी हब लावा.

त्या मजकुरात नसलेली, पण मराठी घरांत हमखास येणारी अडचण सबटायटलची. सबटायटलच्या एसआरटी फाइलचं नाव व्हिडिओच्या नावाशी तंतोतंत जुळवा, नोटपॅडमध्ये उघडून ‘सेव्ह ॲज’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. प्रश्नचिन्हं दिसत असतील तर कारण बहुधा हेच. मजकूर श्री-लिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल, तर टीव्हीवर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलावा लागतो. एवढं करूनही जोडाक्षरं फुटत असतील तर टीव्हीच्या प्लेयरलाच देवनागरी जुळवता येत नाही. तेव्हा हँडब्रेकमध्ये ‘बर्न इन’ निवडून सबटायटल चित्रातच छापून टाका. ती कुठल्याही टीव्हीवर नीट दिसतात, फक्त बंद करता येत नाहीत.