न खाता मीठ कमी म्हणणाऱ्यांनो

रात्रीचे साडेदहा झालेत. भांडी घासून पालथी घातलीत, हाताचा बांगड्याचा वास अजून जात नाही आणि डोकं असं तापलंय की वर बिडाचा तवा ठेवला तर घावन सुटेल. तरी लिहितेच. नाहीतर उद्या कोणाच्या तरी ताटात राग वाढला जाईल.

मालवणात माझी खानावळ आहे. सहा टेबलं. पंख्याखालचं टेबल चौघांचं ठरलेलं. निवृत्त गुरुजी, बँकेतले भाऊ, वाळूचिऱ्याची कामं घेणारे कंत्राटदार आणि सणावाराला मुंबईहून येणारा गुरुजींचा भाचा. गणपती झाले तरी हा भाचा यंदा अजून इथेच आहे. वर्क फ्रॉम होम म्हणे. होम आमचं आणि वर्क कुठे दिसत नाही.

तर परवा, १९ सप्टेंबर २०२५ ला, ऑस्करसाठी भारताचा सिनेमा जाहीर झाला. नीरज घायवानचा 'होमबाऊंड'. बातमी आली आणि आज दुपारी पंख्याखाली आग लागली.

"आमच्यार अन्याय झालो!" गुरुजींनी टेबलावर थाप मारली. सोलकढी उडाली, माझ्या धुतलेल्या टेबलावर.

"'दशावतार' सोडून ह्यो कसलो सिनेमा पाठवल्यानी?" इति कंत्राटदार.

"लॉबिंग, मामा, लॉबिंग," भाचा म्हणाला. ह्याला काहीही विचारा, उत्तर लॉबिंग. परवा सुरमई का महाग झाली विचारलं तेव्हाही जवळजवळ हेच म्हणाला होता.

आता 'दशावतार' १२ सप्टेंबरला लागला. आमच्या मातीतला, आमच्या रात्रीच्या नाटकांचा, दिलीप प्रभावळकर वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यात उभे. अख्खं कोकण बघायला लोटलंय, मीही गेले, रडले, परत जाईन. त्याबद्दल ऊर भरून येणं मला समजतं. पण मी फक्त एवढंच विचारलं, "गुरुजी, तो दुसरा कसा आहे? 'होमबाऊंड'?"

"बघूक नाय. पण सगळा म्हायत आसा माका."

सगळा म्हायत आसा! अहो, तो थिएटरात लागायचाय २६ सप्टेंबरला! अजून लागायचाय! फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवला, तिथे ह्या चौघांपैकी कोणी गेल्याचं मला तरी ठाऊक नाही, आमच्या बंदराच्या पलीकडे होडी गेली की ह्यांना मळमळतं. मग ज्या पदार्थाचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही, त्यात मीठ कमी आहे हे कसं कळलं? माझ्या खानावळीत कोणी ताट समोर यायच्या आधी "तिखलं बेचव" म्हणाला तर मी त्याला कोणत्या शब्दांत बाहेर काढीन हे मालवणातल्या सगळ्यांना माहीत आहे. सिनेमाला मात्र चालतं.

आणि हे यंदाचं नाही. गेल्या वर्षीचं ऐका, तिथेच माझा खरा कढ आहे.

२०२४ चा सप्टेंबर. पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला कानमध्ये 'ग्रां प्री' हा तिथला मोठा पुरस्कार मिळालेला, ऑस्करला मात्र फिल्म फेडरेशनने किरण रावचा 'लापता लेडीज' पाठवला. त्या दिवशीही थाप पडली. त्या दिवशीही टेबल मीच पुसलं. भाच्याने एक रील बघितली होती, तेवढ्यावर तो पाऊण तास बोलला. फेडरेशनकडे २९ सिनेमे आले होते. निर्मात्याने स्वतः अर्ज करायचा असतो, आलेल्या अर्जांतूनच ज्युरी निवडते आणि एका देशाचा एकच सिनेमा जातो. त्या २९ मध्ये आमच्या कोकणातला 'घरत गणपती'सुद्धा होता. टेबलावरच्या एकालाही पत्ता नव्हता. "कोकणाक कोण विचारता?" असं म्हणताना मात्र घास हातातच राहिला होता, इतका कळवळा.

बरं, ऑस्करचा नियम असा की ठरलेल्या मुदतीत सिनेमा थिएटरात सलग सात दिवस चालायला हवा. म्हणून पायलबाईंचा सिनेमा २१ सप्टेंबरला केरळात तेवढा लावला होता, बाकी देशात तो आला २२ नोव्हेंबरला. म्हणजे मालवणात बसून सप्टेंबरात तो कोणी बघितलेला असणं शक्यच नव्हतं. ठीक आहे, म्हटलं, बघायला मिळाला नाही, माणूस ऐकीव बोलतो. पण पुढे जानेवारीत तो हॉटस्टारवर आला. पंख्याखाली जाऊन मी स्वतः सांगितलं, आला आहे, बघा आता.

"आता त्याचो काय उपयोग?"

म्हणजे सिनेमा हा अन्याय झालाय का हे ठरवण्यापुरताच असतो. बघण्यासाठी नसतो!

मी बघितला. तीन रात्री लागल्या, कारण भांडी झाल्यावर अर्धा तास डोळे उघडे राहतात आणि आमच्या आळीत रेंज माडाच्या झावळीसारखी, वारा असेल तशी. आणि ऐका, पंख्याखालच्या विद्वानांनो, तो अर्धा सिनेमा रत्नागिरीकडचा आहे! छाया कदम त्यात पार्वती झालीय. मुंबईच्या हॉस्पिटलात स्वयंपाक करते. बावीस वर्षं राहिलेल्या खोलीचे कागद नाहीत म्हणून बिल्डर तिला उठवतो, आणि ती आपलं चंबूगबाळं उचलून गावी, समुद्राकाठी परत येते. नर्स मैत्रिणी तिला पोचवायला येतात. त्यात एक राइस कुकर आहे, जर्मनीहून आलेला, लालबुंद. त्यांतल्या एका नर्सचा नवरा येत नाही, कुकर येतो. ती नर्स रात्री त्या कुकरला मिठी मारून बसते. मी तिथे मोबाइल पालथा ठेवला आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. असो.

आता दुसरा सिनेमा घ्या, तो 'लापता लेडीज', ज्याला तुम्ही "ह्यो काय ऑस्करचो सिनेमा?" म्हणून नाक मुरडलंत. त्यात स्टेशनवर चहाचा ठेला चालवणारी मंजू माई कोण? छाया कदमच! एकाच वर्षी आपल्या मराठी बाईने दोन्ही सिनेमांत चूल सांभाळलीय. एकीकडे हॉस्पिटलची, एकीकडे फलाटाची. ज्या दोन सिनेमांवरून तुम्ही माझी सोलकढी सांडलीत, त्या दोन्हींत जेवण करणारी बाई एकच आहे, आणि तुम्हाला तिचं नाव विचारलं तेव्हा बँकवाले भाऊ म्हणाले, "ती सैराटातली?" बरोबर, सैराटातही ती होती. एवढं एक भाऊंचं बरोबर आलं, आणि तेही चुकून, कारण पुढे म्हणाले, "आर्चीची आवस," म्हणजे आई. आवस नाय हो भाऊ!

नुसती माहीत नसण्याची चीड नाही. माझा धंदा बघा. रोज साठ-सत्तर माणसं जेवून जातात, वाटप कोणी वाटलं हे कोण विचारतो? तिखल्यात तिरफळं जास्त झाली तर मात्र हाक आतपर्यंत येते.

आणि त्या निवड समितीबद्दलही माझं भांडण आहे, पण ते सिनेमा बघून केलेलं भांडण आहे. तेरा जणांची ज्युरी, तेराच्या तेरा पुरुष. दोन्ही सिनेमे बायकांचे, बायकांनी केलेले, आणि निवडपत्राची सुरुवात काय, तर भारतीय स्त्री ही शरणागती आणि वर्चस्व यांचं विचित्र मिश्रण आहे. मिश्रण! मी काय शेव-चिवडा आहे? वर फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं की ज्युरीला तो पायलबाईंचा सिनेमा भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटला. अहो, रत्नागिरीचा किनारा युरोपात कधी गेला? पार्वतीचं चंबूगबाळं युरोपियन? बाईमाणूस पडद्यावर जरा गप्प बसून समुद्राकडे बघत राहिली की तो युरोप होतो वाटतं. मग आमच्या दांडीच्या किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्याची वाट बघत बसणाऱ्या म्हाताऱ्या सगळ्या फ्रेंच.

पुढे 'लापता लेडीज' ऑस्करच्या परदेशी सिनेमांच्या गटात पहिल्या पंधरांतही आला नाही. आत्तापर्यंत त्या गटात आपली नामांकनं तीनच, 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. 'श्वास'च्या वेळी, २००४ साली, लोकांनी वर्गण्या काढून माणसं अमेरिकेला पाठवली होती. आमच्या घरूनही एकावन्न रुपये गेले होते. तोही सिनेमा कोकणातल्या आजोबा-नातवाचा. पण तेव्हा एक होतं, वर्गणी देणाऱ्या बऱ्याच जणांनी सिनेमा बघितला होता.

आता माझ्या जखमेवर येते.

गेल्या वर्षीच एक मराठी सिनेमा आला होता. नाव सांगत नाही, थिएटरचंही सांगत नाही. मंगळवारी मी खानावळ बंद ठेवली. मंगळवारी! चाळीस ताटांचा धंदा बुडवला, आदल्या रात्री वाटप केलं नाही, मासळीवालीला "उद्या नको" सांगितलं तर ती माझ्याकडे आजारी असल्यासारखी बघायला लागली. लेकीला घेऊन सकाळची एसटी पकडली, सव्वाअकराचा शो. मराठीला वेळ ही अशीच मिळते, शाळा, हापिसं, खानावळी सगळं चालू असताना. पोचलो तर खिडकीवरचा पोरगा म्हणतो, "काकी, निदान पाच तिकिटा व्हयी."

आम्ही दोघी आणि कॉलेजच्या दोन पोरी. चार.

म्हटलं, पाचवं तिकीट मीच काढते, खुर्चीवर माझी पिशवी बसेल. तो आत जाऊन विचारून आला. "नाय काकी, सिस्टीममदी शो कॅन्सल झालो." बाजूच्या पडद्यावर हिंदी चालू होता, भिंतीतून धडामधुडूम ऐकू येत होतं. त्या दोन पोरी हिरमुसून वडापाव खायला गेल्या. आम्ही मायलेकी स्टँडवर दीड तास परतीच्या गाडीची वाट बघत बसलो. लेकीने केसात माळलेला सुरंगीचा वळेसर तोपर्यंत कोमेजला होता.

संध्याकाळी पंख्याखालचे हजर. "आज दुपारी बंद कित्याक ठेवलंस गो वयनी?"

सांगितलं.

"सिनेमाक? खुळावलंस काय?" आणि हसले. चौघेही. गुरुजी तर ठसका लागेपर्यंत.

त्या सकाळी ह्या चौघांपैकी एक जण, फक्त एक, आला असता तर शो लागला असता. पाचवं माणूस! शो लागला की कलेक्शन, कलेक्शन असलं की दुसऱ्या आठवड्यात पडदा, पडदा टिकला की नाव, मग कुठे ज्युरीपर्यंत बोलबाला. तुम्ही मधल्या सगळ्या पायऱ्यांवर घरी झोपला होतात आणि एकदम सप्टेंबरात शेवटच्या पायरीवर येऊन छाती पिटताय. परीक्षकांनी आपल्याला डावललं म्हणे. त्या मंगळवारी सव्वाअकरा वाजता कोणी डावललं? तेरा जणांच्या ज्युरीतला कोणी आमच्या खिडकीवर उभा होता?

राष्ट्रीय पुरस्कारांचंही तेच. २०२३ च्या सिनेमांचे निकाल लागले २०२५ च्या ऑगस्टमध्ये. दोन वर्षांत बांगडा वाळून सुका बांगडा होतो आणि संपतोसुद्धा. तेव्हा 'आत्मपॅम्फ्लेट'च्या आशीष बेंडेला पहिल्या सिनेमाचा पुरस्कार मिळाला, आपला मराठी पोरगा. पंख्याखाली दोन तास चर्चा मात्र शाहरुखला मिळायला हवा होता की नव्हता ह्याची. आनंद करायचा प्रसंग आला की ह्यांना माहिती नसते, सुतक पाळायला बरोब्बर वेळेवर.

आज दुपारी थाप पडल्यावर मी काही बोलले नाही. फडकं आणलं, टेबल पुसलं, आत गेले. आणि रोज मासळीचे भाव लिहिते त्या फळ्यावर, सुरमई थाळी, बांगडा थाळी, कोळंबी थाळी याच्या खाली खडूने लिहिलं: "न बघितलेल्या सिनेमावर बोलणाऱ्यांस सोलकढी दुसऱ्यांदा मिळणार नाही."

रात्री चौघे आले. गुरुजींनी फळा वाचला. चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. जेवण होईपर्यंत टेबलावर काटे बाजूला सारल्याचा तेवढा आवाज. भाचा एकदाच "लॉ..." म्हणाला आणि कंत्राटदारांनी त्याच्याकडे बघितलं.

शेवटी गुरुजींनी रिकामी वाटी पुढे केली. "वयनी, 'दशावतार' मी बघितलंय हां. थिएटरात. तिकीट आसा खिशात, दाखवू?"

दाखवा म्हटलं. खरंच होतं, चार घड्या घातलेलं.

अर्धी वाटी दिली.