मला यादीतून काढा

आमच्या बॅचची मेलिंग लिस्ट सांभाळायला कुणी तयार होईना, तेव्हा ते काम माझ्या गळ्यात पडलं. पुण्याची अन् अमेरिकेतली मंडळी बिझी. परभणीत राहतो म्हणजे हा रिकामाच असणार, असा हिशोब.

काम तसं सोपं. एका पत्त्यावर मेल टाकला की मेलमन नावाचं सॉफ्टवेअर त्याची प्रत 114 जणांना पोचवतं. पोस्टमनसारखी दिवाळीला पोस्त मागत नाही. फक्त डोकं वापरत नाही.

सेटिंगमध्ये एक प्रश्न होता : उत्तर कुणाला जावं, लिहिणाऱ्याला की यादीला? जाणकार म्हणतात, लिहिणाऱ्यालाच ठेवा. मी म्हटलं, तेवढाच संवाद वाढेल, अन् 'यादीला' निवडलं.

पौषात एकानं शेतावर हुरड्याचं बोलावणं टाकलं. तासाभरात तीसेक उत्तरं : 'येतो', 'आलोच', 'शेंगदाण्याची चटणी हाय ना?' मग लातूरच्या बँकेतल्या मित्रानं, आपण मलाच लिहितोय असं समजून, लिहिलं : 'कशाला जायलास गड्या? मागच्या साली कणसं दोन अन् त्याचं भाषण दीड तास.' हे 114 जणांनी वाचलं, यजमानासकट.

त्यावर कुणीतरी 'मला यादीतून काढा' असं यादीलाच लिहिलं. यादीच्या नावापुढं 'रिक्वेस्ट' जोडून होणारा वेगळा पत्ता त्यासाठीच असतो, मेलच्या तळाशी लिंकही असते. पण तळाशी कोण जातंय? आणखी नऊ जणांनी 'मला पण' लिहिलं. मग एका शहाण्यानं 'सगळ्यांना उत्तर देऊ नका' हे सगळ्यांना पाठवलं.

तेवढ्यात पुण्याच्या एकाचं 'मी रजेवर आहे' हे आपोआप जाणारं उत्तर सुरू झालं. मेलच्या माथ्यावर 'हा यादीचा आहे' अशी खूण असते. ती बघून शहाणं यंत्र गप्प बसतं. ह्याचं यंत्र ह्याच्यावरच गेलेलं. स्वतःच्याच रजेची प्रत आली की पुन्हा रजा कळवायचं.

शेवटी मॉडरेशन लावलं, म्हणजे प्रत्येक मेल आधी माझ्याकडं अडणार. रात्री रांगेत 43 मेल.

"काय करायलाव एवढ्या रात्री?" बायकोनं विचारलं.

"लोकांना गप करायलो."

'नाकारा' केलं तर लिहिणाऱ्याला कळतं. 'टाकून द्या' केलं तर कुणालाच नाही. मला झोप आलेली. सगळ्यांवर एकदम 'टाकून द्या' मारलं.

रविवारी आम्ही वीसेक जण शेतावर पोचलो. आदल्या रात्रीच्या अवकाळीनं घोटाभर चिखल, आगटीत पाणी. यजमान छत्री घेऊन एकटाच उभा.

"अरे, पाऊस सांगितलाय, पुढच्या रविवारी या, असा मेल टाकला होता की मी!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बँकवाला तर जरा जास्तच.

"आता आलाच आहात तर बसा," म्हणत यजमानानं खिशातून घडी घातलेले कागद काढले.