विहिरीचं पाणी, गाडीचा रंग आणि दोन चमचे सोडा

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: विहिरीच्या पाण्याचा पीएच ५.९ निघाला; अशा आम्लधर्मी पाण्यानं गाडी धुवायला सांगणं म्हणजे रंगाची वाट लावणं; पांढऱ्या गाडीवर तपकिरी ओघळ आले ते त्यामुळेच; आणि बादलीत दोन चमचे खायचा सोडा टाका, एवढं तरी मी लिहायला हवं होतं. पाणी आम्लधर्मी आहे हे मान्य. पुढचं पटत नाही.

कोकणात जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा असंच असतं. जांभ्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम पावसानं कधीच धुऊन नेलेले असतात, त्यामुळे मातीतून मुरताना पाण्यात मिसळलेल्या कार्बन डायऑक्साइडला आवरायला काही उरत नाही. पिण्याच्या पाण्याच्या मानकात ६.५ ते ८.५ सांगितलंय, म्हणून अहवालात शेरा येतो. पण स्वच्छ हवेतल्या पावसाचा पीएचही ५.६ च्या आसपास असतो, आणि चार महिने गाडी त्यातच भिजते. हे कार्बनिक आम्ल थेंब आटताना वायू होऊन निघून जातं. क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, खड्डे पाडतं ते मागे राहून तीव्र होत जाणारं आम्ल, उदाहरणार्थ कारखान्यांच्या धुरातून आलेलं सल्फ्युरिक. पक्ष्यांची विष्ठा उन्हात वाळली तरी तेच.

आता सोडा. दोन चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम. २० लिटरच्या बादलीत लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार झाले. तुमच्या विहिरीचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, बहुधा लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत असेल. घाटावरची मंडळी बोअरच्या ज्या पाण्याला वैतागतात, बोनेटवर पांढरे ठिपके सोडणाऱ्या, तसलं पाणी तुम्ही हातानं तयार करताय. सोड्याचे ठिपके धुतले की जातात म्हणा, पण मग शेवटी विहिरीचंच पाणी मारायचं!

ओघळ मात्र खरे आहेत, आणि त्यात आम्लाचा हात आहे, फक्त आडून. ते गाडी नाही, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप खातंय. रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी लोह घेऊन येतं. दिसायला नितळ, पत्र्यावर वाळलं की तपकिरी. खात्री करायची तर सकाळी मोटर लावल्याबरोबर नळाची पहिली पांढरी बादली भरा आणि दुसरी थेट पोहऱ्यानं विहिरीतून काढा. दोन्ही दोन-तीन दिवस उघड्या ठेवा. अशा पाण्यात लोहाचा गंज सावकाश बसतो, एका रात्रीत निकाल लावू नका. फक्त नळाच्या बादलीत पिवळट गाळ दिसला तर दोष पाइपाचा. तोवर पाइपात थांबलेलं पाणी माडाला सोडा, मग गाडीला घ्या. कायमचा उपाय प्लास्टिकचा, म्हणजे पीव्हीसी किंवा एचडीपीई, पाइप. दोन्हीत गाळ आला तर लोह विहिरीतच आहे. मग गाडीवर एकही थेंब वाळू द्यायचा नाही, लगेच मायक्रोफायबरनं पुसायचं.

आलेले ओघळ घासू नका. गाडी धुऊन, सावलीत, थंड पत्र्यावर आयर्न रिमूव्हर (लोहाचे डाग काढायचं द्रावण) फवारा. वास घाण येतो आणि लोह असेल तिथे जांभळे ओघळ उतरतात. बाटलीवर लिहिलेल्या वेळेत, वाळायच्या आत, भरपूर पाण्यानं धुवून टाका.

रंगाला खरा धोका लाल धुळीचा. आधी टपापासून खाली नुसतं पाणी सोडा, धूळ वाहून गेल्यावरच कापड लावा. शाम्पू बाटलीवर लिहिलाय त्याच्या निम्मा पुरे. अशा मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, पाण्यात फेस जास्त होतो, आणि खळबळायलाही जास्त पाणी लागतं.

पीएच पेनबद्दल एवढंच: इतक्या कमी क्षारांच्या पाण्यात आकडा लवकर स्थिरावत नाही, तेव्हा दोन-तीन मिनिटं थांबा. आणि पाणी काढल्याकाढल्या मोजा, नाहीतर वायू उडून आकडा वर सरकतो. खाडीलगत राहत असाल तर एप्रिल-मे महिन्यांत पीएचपेक्षा टीडीएस बघा. विहिरीत मचूळपणा आला की त्या पाण्यानं गाडीचा तळ अजिबात धुवू नका. पत्रा गंजवायला मीठ पुरतं.

तुमची भीती रास्त आहे ती रेडिएटरच्या बाबतीत. तिथे हे पाणी टॉपअप म्हणूनही घालू नका. आत अ‍ॅल्युमिनियम असतं, पाणी तापलेलं असतं आणि महिनोन्‌महिने तिथेच फिरतं. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरच वापरा.