एका दिवसाचं माप

'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.' येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतली ही ओळ आपण इतक्या सवयीने म्हणतो की तिच्यातलं माप नजरेतून निसटतं. बायबलात मत्तय ६:११ मध्ये ज्या ग्रीक शब्दासाठी आपण 'रोजची' म्हणतो, तो एपिऊसिऑस हा शब्द अख्ख्या नव्या करारात फक्त इथे आणि लूक ११:३ मध्ये येतो. 'आजपुरती', 'उद्याची', 'जगायला लागते तेवढी' असे त्याचे अर्थ अभ्यासकांनी लावले आहेत. कुठलाही घ्या, वर्षभराची बेगमी त्यात बसत नाही.

रोजच्या गरजांसाठी देवावर विसंबायला शिकताना आपण बहुतेक जण या मापातच चुकतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आजपुरता विश्वास गाठीशी असतो, आणि त्यावर पुढच्या दहा वर्षांचं ओझं उचलायला जातो. कंबर मोडली की म्हणतो, माझा विश्वासच कच्चा.

निर्गम १६ सावकाश वाचा. अरण्यात देवाने इस्राएल लोकांना आकाशातून दिलेलं अन्न म्हणजे मान्ना. ते माणशी एक ओमर, म्हणजे एफा या मापाचा दहावा भाग. आजच्या हिशेबात साधारण दोन लिटरचं भांडं. सकाळी गोळा करायचं. ऊन तापलं की उरलेलं वितळून जायचं. काहींनी ते दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं, तर त्यात किडे पडले, घाण सुटली. सहाव्या दिवशी मात्र माणशी दोन ओमर गोळा करायला सांगितलं होतं, आणि तेच मान्ना रात्रभर राहूनही नासलं नाही. मला या अध्यायातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते. साठवण दोन्ही वेळा झाली. एकदा उद्याच्या धास्तीने, एकदा देवाने सांगितलं म्हणून. बचत केली की अविश्वास झाला, असं शास्त्रातून निघतच नाही. मिसर देशाचा कारभारी झालेल्या योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरून घेतला. लूक १२ मध्ये येशूने सांगितलेल्या दाखल्यातला श्रीमंतही मोठी कोठारं बांधायला निघाला होता. पुढच्या दुष्काळात योसेफाच्या कोठारांवर आसपासचे देश जगले. त्या श्रीमंताच्या बेतात स्वतःच्या जिवाखेरीज कोणी नव्हतं. तेव्हा विमा, शिल्लक, मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला टाकलेले पैसे यांवरून तुम्हाला कोणी अपराधी वाटायला लावत असेल, तर खुशाल दुर्लक्ष करा.

आता रोज करायचं काय? एक साधी वही घ्या आणि चार रकाने आखा: तारीख, गरज, माझ्या हातून काय झालं, कसं भागलं.

गरज मोघम लिहू नका. 'प्रभू, आर्थिक अडचण दूर कर' याचं उत्तर आलं तरी ओळखणार कसं? 'पाच तारखेला भाडं भरायचंय, तिसरा हिस्सा कमी पडतोय', 'आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या चारच दिवस पुरतील' असं लिहा. लिहिता लिहिता बऱ्याच गोष्टी गळून पडतात, कारण कागदावर उतरल्या की ती हौस होती हे कळतं. हौस मागायला बंदी नाही, फक्त तिला गरजेच्या रकान्यात बसवू नका. १ तीमथ्य ६:८ मध्ये प्रेषित पौल समाधानासाठी अन्नवस्त्र एवढंच धरतो.

तिसरा रकाना लोक हमखास रिकामा सोडतात. कुठे अर्ज केला, कुठला खर्च कापला, हप्ता पुढे ढकलायला कोणाशी बोललो, हे सगळं तिथे यायला हवं. आकाशातली पाखरं पेरत नाहीत हे खरं, पण दाणा शोधायला उडावं त्यांनाही लागतंच. पौल स्वतः तंबू करायचा. २ थेस्सलनीकाकर ३:१० मध्ये ज्याची काम करायची 'इच्छा' नाही त्याने खाऊही नये, असं त्याने लिहिलंय. ज्याला काम मिळतच नाही त्याच्या तोंडावर हे वचन फेकणाऱ्यांनी तो शब्द परत वाचावा.

चौथा रकाना आठवड्यातून एकदा, उपासनेच्या दिवशी, मागची पानं उलटून वाचा. फिलिप्पैकर ४:६ मध्ये मागणी 'आभारप्रदर्शनासह' कळवायला सांगितलीय, आणि आभार मानायला काय झालं ते आठवावं लागतं. जिथे भागलं नाही तिथे 'नाही भागलं' असंच लिहा. देवाची लाज राखायला खोटी नोंद नको. आपण उपाशी राहिलो, उघडेही राहिलो, हे पौलानेच लिहून ठेवलंय (२ करिंथकर ११:२७). आणि उणेपणातही विपुलतेतही कसं राहावं ते मी 'शिकलो आहे' असं तो म्हणतो तेव्हा तो कैदेत आहे.

या विषयात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचं नाव येतंच. १८३६ मध्ये त्यांनी पहिलं अनाथगृह उघडलं, पुढे दहा हजारांहून जास्त मुलं सांभाळली आणि पैशासाठी कोणापुढे हात पसरला नाही. एवढं सगळेच सांगतात. ते उधारीवर माल घेत नसत, आलेल्या देणग्यांची काटेकोर नोंद ठेवत आणि हिशेब छापून जाहीर करत, हे कमी जण सांगतात. १८४१ च्या अखेरीस हात अगदी तंगीत असताना त्यांनी अहवाल मुद्दाम लांबणीवर टाकला, कारण तेव्हा तो छापणं म्हणजे आडून मागितल्यासारखं झालं असतं. प्रार्थनासभेत विनंतीचे विषय सांगताना समोर कोण बसलंय हे बघून आपला आवाज कसा बदलतो, ते जरा याच्याशी ताडून पाहा. गरज मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चमधल्या माणसांना, सांगण्यात गैर काही नाही, मंडळी त्यासाठीच आहे. मग सरळ सांगा ना, मदत हवी आहे म्हणून!

'देव देईल' म्हणत हातात नसलेला पैसा खर्च करणं हा दुसरा खड्डा. २ राजे ४ मध्ये विधवेचं तेल वाढलं, तेव्हा संदेष्ट्या अलीशाने तिला तेल विकून आधी कर्ज फेडायला आणि उरेल त्यावर मुलांसह गुजराण करायला सांगितलं. चमत्कारातून आलेल्या पैशावरही पहिला हक्क सावकाराचा!

आणि अर्पणाबद्दलचं ते 'बी पेरा, दहापट मिळेल' वालं शिक्षण! माझा त्याला ठाम विरोध आहे. माझा देव तुमची सर्व गरज पुरवील हे वचन (फिलिप्पैकर ४:१९) एपफ्रदीत नावाच्या सोबत्याच्या हाती पौलाला देणगी पाठवणाऱ्या फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेलं आहे. फिलिप्पै ज्या प्रांतात आहे त्याच मासेदोनियातल्या मंडळ्यांनी कमालीच्या दारिद्र्यात असूनही दिलं, याला पौल कृपा म्हणतो. परताव्याचा दर कुठेच सांगत नाही. पैसे हातात आले की अर्पण आधी वेगळं काढा, १ करिंथकर १६:२ प्रमाणे मिळकतीच्या मानाने. उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही.

शेवटचा मुद्दा जरा अवघड आहे. देव ज्या वाटेने पुरवतो ती वाट आटते, आणि आपल्याला वाटतं देवच आटला. एलीया संदेष्ट्याला करीथ ओहळापाशी कावळे भाकरी आणि मांस आणून देत. लेवीय ११ प्रमाणे कावळा अशुद्ध पक्षी. मग ओहळ आटला, तोही एलीयानेच जाहीर केलेल्या अवर्षणाने. पुढची सोय सीदोनातल्या सारफथात, म्हणजे पुढे त्याच्या जिवावर उठलेल्या ईजबेल राणीच्या माहेरच्या मुलखात, एका विधवेकडे. एलीया आला तेव्हा ती शेवटच्या जेवणासाठी काटक्या वेचत होती. नोकरी गेली, नेहमी मदत करणारा भाऊ परगावी गेला, की १ राजे १७ उघडा आणि एक बारकावा बघा. मडक्यातलं पीठ सरलं नाही, एवढंच तिथे लिहिलंय. मडकं भरलं असं कुठेही म्हटलेलं नाही. ती रोज सकाळी पीठ काढायला हात घालायची तेव्हा बोटं तळाला लागतच असतील.