‘एक पुश टाक, चलता’: फिरत्या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

कुडाळ-सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सी भाषेतून असेम्ब्लीचं, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचनांमध्ये लिहिलेलं, फंक्शन बोलावल्यावर प्रोग्राम कोसळला तर काय करायचं, याचा तो ‘रामबाण’ उपाय. म्हणणं थोडक्यात असं: ज्या ओळीवर कोसळलं तीच ओळ चुकीची. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्याची सोय) बंद करा, सी-चं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणारा कम्पायलरच कोड बिघडवतो. तरी भागलं नाही तर फंक्शनच्या सुरुवातीला एक जादा पुश (स्टॅकवर, म्हणजे तात्पुरती मूल्यं रचून ठेवायच्या मेमरीत, एक मूल्य ठेवण्याची सूचना) टाका. न सापडल्यास मध्ये मध्ये प्रिंटएफ (पडद्यावर मजकूर छापणारं फंक्शन) घाला. विंडोजवर चाललं की लिनक्सवर चालणारच, प्रोसेसर तोच. आणि असेम्ब्ली आता कोणी लिहीत नाही, प्रॅक्टिकलपुरतं भागवा. खाली मालवणीत शेरा: ‘एक पुश टाक, चलता.’

चलता, हे खरंच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. राखणदाराला नारळ ठेवला आणि वादळ टळलं, तर त्या दोहोंचा संबंध ज्याने त्याने ठरवावा. इथे मात्र नारळाचा, म्हणजे जादा पुशचा, परिणाम खरोखर होतो, आणि का होतो ते लिहून ठेवलेलं आहे. ६४-बिट लिनक्सवर कॉल करण्याआधी आरएसपी या रजिस्टरमधला (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यातला) पत्ता, म्हणजे स्टॅकचं सध्याचं टोक, १६ च्या पटीत हवा, असा नियम आहे. कॉल ही सूचना स्वतः ८ बाइटचा परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवते. म्हणजे तुमच्या फंक्शनमध्ये पाऊल टाकताच आरएसपी १६ च्या पटीपासून ८ ने सरकलेला असतो. तुम्ही तसाच प्रिंटएफला किंवा स्कॅनएफला (माहिती वाचून घेणारं फंक्शन) कॉल केलात, की लायब्ररीच्या पोटातली मूव्हएपीएस ही सूचना १६ च्या पटीतला पत्ता मागते, तो मिळत नाही आणि सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्राम कोसळतो. जादा पुश टाकला की आणखी ८ बाइट सरकतात, हिशेब जुळतो, प्रोग्राम चालतो. पुढच्या आठवड्यात त्याच फंक्शनमध्ये तुम्ही आणखी एक रजिस्टर पुश केलंत की हिशेब पुन्हा मोडतो, आणि मग ग्रुपवर प्रश्न येतो, ‘काल चालत होता, आज काय झालं?’

शिवाय मेसेजमध्ये पुश आहे, ढकललेलं मूल्य परत काढणाऱ्या पॉपचा उल्लेखच नाही. पॉप विसरलात तर फंक्शनमधून परतण्याची सूचना, रेट, परतीचा पत्ता म्हणून तुम्ही ढकललेलं मूल्य उचलतो आणि भलतीकडे उडी मारतो. आणि तुमचं फंक्शन पुढे कोणालाच कॉल करत नसेल, तर बहुतेक वेळा या जादा पुशचा काडीचा उपयोग नाही. रोग दुसराच असणार.

आता ‘ज्या ओळीवर कोसळलं तीच चुकीची’ हा मुद्दा. वरच्या उदाहरणात प्रोग्राम लायब्ररीत कोसळला, चूक मात्र तुमच्या कॉलच्या आधीची होती. दुसरं नेहमीचं उदाहरण आरबीएक्स या रजिस्टरचं. लिनक्सवर आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ ही रजिस्टर वापरायची असतील तर परतताना जशीच्या तशी परत द्यायची असतात. तुम्ही अ‍ॅरेची (ओळीने ठेवलेल्या आकड्यांची) बेरीज करताना मोजणीसाठी आरबीएक्स घेतलं आणि जपून ठेवलं नाही. बेरीज अचूक येते, फंक्शन सुखरूप परततं. पण मेनमध्ये, म्हणजे सी-च्या मुख्य फंक्शनमध्ये, कम्पायलरने त्याच आरबीएक्समध्ये अ‍ॅरेचा पत्ता ठेवलेला असतो. दहा ओळींनंतर तो पत्ता वापरला जातो आणि सगळं कोसळतं, तेही निव्वळ सी-च्या निर्दोष ओळीवर. ती ओळ तुम्ही रात्रभर खरवडत बसलात तरी काही हाती लागणार नाही.

यातूनच ऑप्टिमायझेशनचा गैरसमज जन्मतो. ओ-झिरोवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असताना, जीसीसी हा कम्पायलर बहुतेक व्हेरिएबल स्टॅकवरच ठेवतो, त्यामुळे तुम्ही आरबीएक्स मोडलंत तरी खपून जातं. ओ-टूवर, म्हणजे ते चालू असताना, तो रजिस्टरांचा पुरेपूर वापर करतो आणि तुमची चोरी उघडी पडते. कम्पायलर नियमानेच चाललाय. इंटचंही तसंच. फंक्शनला दिलेलं पहिलं मूल्य (आर्ग्युमेंट) ३२-बिट इंट, म्हणजे पूर्णांक, असेल तर तो ईडीआयमध्ये, म्हणजे ६४-बिट आरडीआय रजिस्टरच्या खालच्या अर्ध्या भागात येतो, पण आरडीआयच्या वरच्या अर्ध्या भागात काय असेल याची हमी कोणीच देत नाही. ओ-झिरोवर तो भाग सहसा शून्य मिळतो, कारण ईडीआयमध्ये लिहिलं की वरचे ३२ बिट आपोआप पुसले जातात. म्हणून अख्खं आरडीआय इंडेक्स (अ‍ॅरेतला क्रमांक) म्हणून वापरलेला कोड चालल्यासारखा वाटतो. उणे १ पाठवून बघा: तो ४२९४९६७२९५ होऊन अ‍ॅरेच्या कुठल्या कुठे पोचतो. यावर उपाय म्हणजे मूव्हएसएक्सडीने चिन्हासकट रुंदी वाढवून घेणं. ऑप्टिमायझेशन बंद करून चूक झाकली जाते, एवढंच.

प्रिंटएफ घालून शोधण्याबद्दल थोडक्यात. सी-मध्ये ठीक. असेम्ब्लीच्या मधोमध घातलात तर तो कॉल आरएएक्स, आरसीएक्स, आरडीएक्स, आरएसआय, आरडीआय, आर८ ते आर११ आणि सगळी एक्सएमएम रजिस्टर (मुख्यतः दशांश संख्यांसाठीची) बिनदिक्कत मोडू शकतो. शिवाय एएलमध्ये, म्हणजे आरएएक्सच्या सर्वांत खालच्या बाइटमध्ये, किती एक्सएमएम रजिस्टर वापरली याची मर्यादा भरावी लागते. तुम्ही जुना दोष शोधताना नवा पेरता. आणि मजकुराच्या शेवटी नवी ओळ नसेल तर कोसळण्याआधीचं छापील कधी पडद्यावर येतच नाही.

त्याऐवजी जीडीबी हा डीबगर (प्रोग्राम थांबवून आत पाहण्याचं साधन) उघडा आणि कोसळलेल्या जागेची सूचना पाहा. मूव्हएपीएस असेल आणि तिच्या पत्त्याचा शेवटचा हेक्स (१६ च्या पायाचा) अंक शून्य नसेल, तर स्टॅकचा हिशेब चुकलाय. रेटवरच अडकलं असेल किंवा आरआयपीमध्येच (पुढच्या सूचनेचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये) भलता पत्ता असेल, तर पुश-पॉप जुळत नाहीत. दोन्ही नसेल तर कॉलच्या आधी आणि नंतर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) लावून रजिस्टर ताडून पाहा. बॅकट्रेसवर, म्हणजे कोणी कोणाला कॉल केला याच्या यादीवर, फार विसंबू नका. असेम्ब्लीत सीएफआयच्या (डीबगरला स्टॅकची मांडणी सांगणाऱ्या) ओळी लिहिल्या नसतील तर तो बिनधास्त खोटं सांगतो. ग्रुपवर मदत मागतानाही हेच पाठवा. ट्यूबलाइट चमकणाऱ्या मॉनिटरच्या तिरप्या फोटोवरून कोणाला काय कळणार?

विंडोज-लिनक्सचा मुद्दा तर सरळ चूक. लॅबमध्ये विंडोज, घरच्या लॅपटॉपवर लिनक्स, हा इकडे नेहमीचा प्रकार. लिनक्सवर पहिला आर्ग्युमेंट आरडीआयमध्ये येतो, विंडोजवर आरसीएक्समध्ये. विंडोजवर कॉल करणाऱ्याने ३२ बाइटची जागा स्टॅकवर सोडायची असते. लिनक्सवर आरएसआय-आरडीआय खुशाल मोडावीत, विंडोजवर ती जपायची. प्रोसेसर तोच असला तरी नियम वेगळे. १९७८ च्या ८०८६ वर शिकलेला डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमकडे काम मागणारा इंटरप्ट २१एच ६४-बिट लिनक्सवर तोच प्रोसेसर-वंश असूनही लगेच सेगमेंटेशन फॉल्ट देतो, हे करून पाहण्यासारखं आहे.

राहिलं ‘असेम्ब्ली कोणी लिहीत नाही’. एफएफएमपेग आणि डेव्हिड या व्हिडिओ डिकोडरमध्ये हाताने लिहिलेली असेम्ब्ली भरपूर आहे. म्हणजे मोबाइलवर दशावताराचा व्हिडिओ पाहतानाही ती कुठेतरी चालत असू शकते. त्या दोन्ही प्रकल्पांत चेकएएसएम नावाचं साधन आहे. ते असेम्ब्लीचं उत्तर सी-च्या उत्तराशी ताडतं आणि जपायची रजिस्टर जशीच्या तशी परतली का हेही पाहतं. लहान प्रमाणात हे कोणालाही करता येईल. एक छोटं असेम्ब्ली आवरण लिहा: मूळ मूल्यं जपून ठेवा, आरबीएक्स आणि आर१२ ते आर१५ मध्ये ठरावीक आकडे भरा, आपल्या फंक्शनला कॉल करा, परतल्यावर आकडे तेच आहेत का पाहा, मग मूळ मूल्यं परत द्या. हे आवरण लिहिताना आरएसपी १६ च्या पटीत ठेवायला मात्र विसरू नका.