चर्चासत्राला जाताय? आधी कूपन घ्या

विद्यापीठात जैववैद्यकीय संशोधनावर दोन दिवसांचं राष्ट्रीय चर्चासत्र आहे आणि तुम्ही पहिल्यांदाच जाताय? मग पेन घरीच ठेवा. तिथे रेक्झिनच्या फोल्डरमध्ये मिळतं, न उमटणारं. नोंदणीच्या टेबलावर सगळ्यात आधी जेवणाचं कूपन ताब्यात घ्या. विज्ञान काय, नंतरही मिळेल.

पत्रिकेत साडेनऊ छापलंय, तुम्ही साडेदहाला पोचा. मग समई. वरचा पंखा बंद करायचं कुणालाच सुचत नाही, त्यामुळे पाचातल्या दोन वाती विझतात आणि तिसरीपाशी काडेपेटी संपते. अशा वेळी विभागप्रमुख खिशातून लायटर काढतात. त्यांचं पुढचं भाषण फुप्फुसाच्या कर्करोगावर असतं.

मुख्य व्याख्यान हळदीवर. १९९५ साली अमेरिकेने जखमेवरच्या हळदीचं पेटंट देऊन टाकलं आणि माशेलकरांच्या काळातल्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने, १९९७ मध्ये ते रद्द करवलं, हे तिसऱ्या स्लाइडपर्यंत येतंच. टाळ्या तिथे वाजवा. पुढच्या स्लाइडवर हळदीने हेला नावाच्या कर्करोगाच्या पेशी मरतात. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून, त्यांना न विचारता घेतलेल्या या पेशी जगभर आजतागायत वाढताहेत. आपल्याच विभागात त्या इतक्या पटापट कशा मरतात, हे विचारू नका. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात धड विरघळत नाही, म्हणून ते डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवतात, आणि डीएमएसओ जास्त झालं तर ते एकटंच पेशी मारायला पुरेसं असतं, हेही मनात आणू नका. आणि २०१७ चा ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’तला तो आढावा? कर्क्युमिन प्रयोगशाळेत खोटे होकार देतं, माणसांवरची एकही काटेकोर चाचणी यशस्वी झालेली नाही, असं म्हणणारा? वाचला असेल तर विसरा. आपल्या आजीच्या हळदीच्या दुधाला नावं ठेवणारे ते कोण?

प्रश्नोत्तरांत पहिला माइक निवृत्त सरांचा. ‘माझा प्रश्न नाही, कॉमेंट आहे,’ म्हणून ते सुरू होतात, तेवढ्यात तुम्ही मोबाइल चार्ज करून घ्या. मी एकदा मध्येच उठून विचारलं होतं, ‘सर, नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल ठेवला होता का?’ म्हणजे तुलनेसाठी कर्क्युमिनशिवाय फक्त डीएमएसओ दिलेल्या पेशी. वक्ते प्रसन्न हसले. ‘व्हेरी गुड क्वेश्चन. चहाला बोलू या.’ चहाला गेलो तर त्यांची टॅक्सी गेटबाहेर पडत होती, मागच्या काचेत शाल-श्रीफळ दिसत होतं.

जेवणानंतर हॉल ओस पडतो, साडेचारला प्रमाणपत्रांच्या वेळी पुन्हा भरतो. पीएचडीसाठी दोन सादरीकरणांची यूजीसीची २०१६ ची अट २०२२ मध्ये गेली, पण सवय कुठली जायला!

एक मात्र पथ्य पाळा. पोस्टरं जिन्याच्या वळणावर, वॉटर कूलरशेजारी लावलेली असतात. तिकडून जाताना पाय उचला. मी थांबलो आणि फसलो. एक मुलगी उभी होती. अर्क दिल्यावर पेशींना काहीही झालं नाही, असं तिच्या पोस्टरवर सरळ लिहिलेलं.

‘रिझल्ट काय?’ परीक्षकांनी विचारलं.

‘फरक पडला नाही, सर.’

‘अगं, मग पोस्टर कशाला केलंस?’

ते पुढे गेले. मला तिने डीएमएसओचा कंट्रोल दाखवला, मग त्याचंच प्रमाण बदलून काढलेला आलेख दाखवला, मग प्रयोग तिसऱ्यांदा का केला ते सांगितलं. पंचवीस मिनिटं. खाली आलो तेव्हा गुलाबजाम संपले होते आणि वाढपी पातेली आवरत होते. कूपन अजून पाकिटात आहे.